आश्रमाचं नाव ठरवण्याआधी त्याचं वेळापत्रक मागवा

योगाश्रमात आठ-दहा दिवस राहायचं ठरलं की बहुतेक जण आधी ठिकाण शोधतात. गंगेचा काठ हवा की केरळातली हिरवाई, खोली कशी आहे, फोटो कसे आहेत. त्यापेक्षा संस्थेला एक साधा प्रश्न विचारावा: सकाळी उठल्यापासून दिवे मालवेपर्यंतचं तुमचं वेळापत्रक पाठवाल का? त्या एका कागदात आश्रमाबद्दल कळण्यासारखं जवळजवळ सगळं असतं. किती वाजता उठायचं, दोन जेवणांत किती अंतर आहे, आसनं किती तास, जमिनीवर बसणं किती तास, सेवा किती, मोकळा वेळ किती. राहणं सुखाचं होणार की तिसऱ्या दिवशी बॅग भरावी लागणार, हे नदीच्या दर्शनापेक्षा या आकड्यांवर जास्त अवलंबून असतं.

एक उदाहरण तपशिलात पाहू. केरळात तिरुवनंतपुरमजवळ नेय्यार धरणाच्या काठी स्वामी शिवानंदांचे शिष्य स्वामी विष्णुदेवानंद यांच्या परंपरेतला शिवानंद आश्रम आहे. तिथला दिवस साधारण असा जातो: ५.२० ला उठण्याची घंटा, ६ ला सत्संग, साडेसातला चहा, ८ ला आसनवर्ग, १० ला जेवण, ११ ला कर्मयोग म्हणजे सेवा, दीडला चहा, २ ला व्याख्यान, ४ ला पुन्हा आसनवर्ग, ६ ला संध्याकाळचं जेवण, ८ ला सत्संग आणि साडेदहाला दिवे बंद. आता हे वेळापत्रक नीट वाचा. संध्याकाळी सहाचं जेवण झालं की पुढचं पोटभर अन्न थेट दुसऱ्या दिवशी दहाला, म्हणजे मध्ये जवळजवळ सोळा तास. झोप पावणेसात तासांच्या आसपास. दोन सत्संग आणि एक व्याख्यान धरलं तर आसनांखेरीज रोज चार तासांहून अधिक वेळ मांडी घालून बसणं आलं. एरवी खुर्चीवर आठ तास काम करणाऱ्या माणसाला आसनवर्ग झेपतो, पण हे बसणं झेपत नाही. घरी सरावाची आसनंच काय ती केली जातात, बसण्याचा सराव कोणी करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कंबर बोलू लागते.

‘आश्रम’ या एका शब्दाखाली आज पाच वेगळ्या प्रकारच्या जागा येतात. त्यांची गल्लत झाली की अपेक्षाभंग ठरलेला.

पहिला प्रकार गुरुपरंपरेतल्या आश्रमांचा. ऋषिकेशचा शिवानंद आश्रम (तो चालवणाऱ्या दिव्य जीवन संघाची स्थापना १९३६), मुंगेरचं बिहार योग विद्यालय, वर सांगितलेला नेय्यार धरणाचा आश्रम हे यातले. इथे सेवा, कीर्तन, सत्संग हा दिनक्रमाचा गाभा आहे, आसनं त्यातला एक भाग. सेवेत भांडी घासणं, भाजी चिरणं, अंगण झाडणं आलंच. ‘मी पैसे भरलेत, मग झाडू का मारू’ असं मनात येणार असेल, तर या प्रकारच्या वाटेला जाऊच नये. ऋषिकेशच्या शिवानंद आश्रमात राहायचं तर आधी लिहून परवानगी मागावी लागते. थेट बॅग घेऊन दारात उभं राहिलं तर जागा मिळेल असं धरून चालू नका.

दुसरा प्रकार अभ्यास आणि संशोधनाच्या संस्थांचा. महाराष्ट्र यात फार श्रीमंत आहे आणि त्याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनं व क्रिया, म्हणजे शरीरशुद्धीच्या योगपद्धती, यांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. श्रीयोगेंद्रांची, आता सांताक्रूझला असलेली, ‘द योग इन्स्टिट्यूट’ ही संस्था त्याहूनही जुनी, १९१८ ची. नाशिकच्या योग विद्या धामचं त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरचं गुरुकुल हेही याच वळणाचं. कोणत्याही गुरूचं शिष्यत्व न घेता शास्त्रशुद्ध शिकायचं असेल, विशेषतः पहिल्याच वेळी, तर आमचा कौल या प्रकाराला. पुण्यातली अय्यंगार योगाची संस्था (१९७५) जगभर प्रसिद्ध असली तरी ती निवासी नाही. तिथे शिकायला येणारे आसपास खोली घेऊन राहतात, हे माहीत नसल्याने बाहेरगावचे बरेच जण फसतात.

तिसरा प्रकार निसर्गोपचाराचा. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम गांधीजींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये सुरू झाला. अशा ठिकाणी आहार, माती-पाण्याचे उपचार, मसाज हे मुख्य आणि योगवर्ग जोडीला. वजन, मधुमेह, सांधेदुखी अशी तक्रार घेऊन जाणार असाल तर हे बरोबर. योग शिकायला जाणार असाल तर इथे वर्ग अपुरे वाटतील.

चौथा ध्यानशिबिरांचा, आणि सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यना शिबिरं होतात. ते योग शिबिर नाही. शिबिराच्या काळात आसनं करायलाही मनाई असते, लिहिणं-वाचणं बंद, फोन जमा, दहाव्या दिवसापर्यंत मौन, पहाटे चारला घंटा आणि दिवसाला सुमारे दहा तास ध्यान. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं असतं, त्यामुळे रजा बारा तारखांची टाकावी लागते. फी नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतलं जातं. आजवर सलग अर्धा तासही शांत न बसलेल्या माणसाने पहिला अनुभव म्हणून हे निवडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाचवा प्रकार गोव्यात दिसतो: मांद्रे, अश्वे, हरमल, दक्षिणेत आगोंद, पाटणे. पावसाळा संपला की मार्चपर्यंत तिथे किनाऱ्यालगत योग निवास चालतात. शिकवणारे काही उत्तम असतात, पण वातावरण सुट्टीचं असतं. कडक दिनक्रमाची भीती वाटणाऱ्याला सुरुवात म्हणून ते चांगलं. फक्त ‘२०० तासांचा शिक्षक प्रशिक्षण वर्ग’ हा विश्रांतीचा मुक्काम समजून घेऊ नका. त्यात पाठांतर, शरीररचना, परीक्षा असते आणि रोजचे आठ-नऊ तास भरलेले असतात.

प्रकार ठरला की फोन करा. ईमेलवर गोल उत्तरं येतात, फोनवर खरी माहिती मिळते. कमीत कमी किती दिवस राहावं लागतं? एका वर्गात किती जण आणि शिक्षक किती? पंचवीस जणांमागे एकच शिक्षक असेल तर नवख्याची मान शीर्षासनात वाकडी आहे हे कोणाच्या लक्षात येणार? खोली कितव्या मजल्यावर, गरम पाणी किती ते किती, संडास भारतीय की कमोड, एका खोलीत किती जण. शुल्कात जेवण, क्रियांचं साहित्य, उपचार यांतलं काय धरलंय आणि काय वेगळं. मध्येच परत यावं लागलं तर पैशाचं काय. रात्री तब्येत बिघडली तर डॉक्टर किती अंतरावर आहे. देणगीवर चालणाऱ्या ठिकाणी ‘तुमच्या इच्छेने द्या’ असं सांगतात. तिथे निदान तुमच्या जेवणा-राहण्याचा खर्च निघेल इतकं द्यावं, ही साधी माणुसकी आहे.

एक चांगली खूण सांगतो. संस्था तुम्हाला आधी आरोग्याचा फॉर्म पाठवते का? रक्तदाब, शस्त्रक्रिया, चालू औषधं, गर्भारपण, मानसिक आजार हे विचारते का? जी संस्था काहीही न विचारता पैसे घेऊन जागा पक्की करते, ती कपालभातीही सगळ्यांना एकच सांगणार. आणि फॉर्म आला तर त्यात खरं लिहा. नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी फिट आली होती, हे लपवून दीर्घ मौन किंवा जोरकस प्राणायाम करणं धोक्याचं आहे. अशा आजारात आधी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पैसे भरूच नका.

स्त्रियांनी आणखी काही गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. राहण्याची सोय वेगळी आहे का, खोलीला आतून कडी आहे का, रात्री आवारात दिवे असतात का, शिक्षक हात लावून आसन सुधारतात का आणि ‘नको’ म्हटल्यास ते मानलं जातं का. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा संस्थेत तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिच्यावर कोण आहे हे विचारल्यावर कोणी रागावत असेल तर तिथे जाऊ नका. गुरूंकडून एकांतात ‘विशेष दीक्षा’, आधी न सांगता फोन काढून घेऊन घरच्यांशी संपर्क तोडणं, पहिल्याच आठवड्यात मोठ्या देणगीचा आग्रह: यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघावं. मासिक पाळीत क्रिया, नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) आणि डोकं खाली-पाय वर अशी उलटी आसनं सहसा करायला सांगत नाहीत. काही ठिकाणी यज्ञशाळेत किंवा मंदिरात बसण्याचे नियमही असतात. ते आपल्याला मान्य आहेत का, हे घरूनच ठरवलेलं बरं.

हंगाम. पहिल्या मुक्कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त ऋषिकेशला डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते आणि हॉलची फरशी गारठलेली असते. लोकरीचे मोजे आणि शाल हवीच. लोणावळ्याला जुलै-ऑगस्टमध्ये जायचं तर सुती कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, हे धरून जोड जास्त घ्या. ऋषिकेशबाबत मराठी माणसाची एक हमखास चूक होते. आपला श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो, उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलतो, म्हणून तिथला श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. त्या पंधरवड्यात कावड यात्रा असते, हरिद्वार-ऋषिकेश रस्ता माणसांनी भरून जातो आणि तासाभराच्या वाटेला अर्धा दिवस लागू शकतो. आपलं कालनिर्णय पाहून ‘श्रावणाआधी जाऊन येऊ’ असं ठरवणारे नेमके त्या गर्दीत सापडतात. मार्चच्या सुरुवातीला तिथे योग महोत्सव असतो, तेव्हा खोल्या लवकर भरतात. नेय्यारला जायला मुंबईहून कोकण रेल्वेने जाणारी नेत्रावती एक्सप्रेस आहे. प्रवास एका दिवसाहून मोठा, म्हणून पोहोचायची तारीख शिबिराच्या आदली ठेवा.

आता तयारी. ती निदान तीन आठवडे आधी सुरू करावी, आणि सुरुवात चहापासून.

दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्याने एकदम सोडलं तर शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट जातात आणि पूर्ण निवळायला आठवडाही लागतो. आश्रमातल्या ‘दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखी’ला लोक शरीरशुद्धी समजतात. पुष्कळदा ती चहाची ओढ असते. दर तीन दिवसांनी एक कप कमी करत जा. शेवटचा आठवडा सकाळच्या एकाच कपावर काढा. पुष्कळ आश्रमांत चहा म्हणून काढा मिळतो, त्याने ही ओढ भागत नाही. सिगारेट आणि तंबाखू तर आधीच सोडा, आश्रमात लपवाछपवी करण्यात आठवडा जातो.

उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. सातला उठणारा तीन आठवड्यांत साडेपाचवर आरामात येतो. मात्र झोपणंही तितकंच अलीकडे आलं पाहिजे, नाहीतर आपण फक्त झोप कापत असतो. रात्रीचं जेवण शेवटच्या आठवड्यात साडेसातच्या आत आणि नेहमीच्या निम्मं. कांदा-लसूण नसलेलं जेवणही दोन-चार दिवस करून पाहा. तिथे गेल्यावर चव लागत नाही म्हणून लोक कमी जेवतात आणि मग आसनांना ताकद उरत नाही.

बसण्याचा सराव मात्र जीव ओतून करा. चुकतं ते इथे: सपाट जमिनीवर मांडी घातली की ज्यांच्या मांड्या आखडलेल्या आहेत त्यांचे गुडघे कमरेच्या वर राहतात, ओटीपोट मागे ढळतं, पाठीला पोक येतो आणि वीस मिनिटांत कंबर दुखते. उपाय सोपा आहे. घोंगडी किंवा सतरंजी घडी करून तीन-चार इंच उंच करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे गुडघे खाली येतील आणि कणा आपोआप उभा राहील. गुडघे हवेत लटकत असतील तर त्यांच्याखाली उशी. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा दहा मिनिटं, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात चाळीस. पायाला मुंग्या आल्या तर पाय बदला, मानापमानाचा प्रश्न करू नका. मांडीला ताण जाणवणं ठीक, पण गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर लगेच पाय सोडा. गुडघ्याची झीज असेल तर आधीच कळवून खुर्ची मागून ठेवा. चांगल्या आश्रमात ती विनातक्रार मिळते.

आसनांची तयारी त्या मानाने थोडी: रोज चार सूर्यनमस्कार सावकाश, वाढवत बारापर्यंत, आणि शेवटी पाच मिनिटं शवासन. पूर्ण जेवण आणि आसनं यांत तीन-चार तास ठेवा. कपालभाती कधीच केली नसेल तर २० ठोक्यांची तीन आवर्तनं, मध्ये पूर्ण विश्रांती, इतकंच. उच्च रक्तदाब, हर्निया, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, गर्भारपण यांत कपालभाती नको. काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर शीर्षासन नको, सर्वांगासनही नको.

क्रियांबद्दल थोडं सविस्तर, कारण गडबड होते ती इथेच. जलनेती म्हणजे एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढत नाक धुणं. त्यासाठी अर्धा लिटर कोमट पाण्यात चहाचा चमचा सपाटपेक्षा किंचित कमी मीठ, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं, जास्त झालं तर जळजळ होते. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. केरळात अलीकडे अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले आहेत आणि हा जीव दूषित पाण्यातून नाकावाटेच मेंदूत जातो. टाकीचं किंवा नळाचं न उकळलेलं पाणी नेतीला कोणी दिलं तर सरळ नाही म्हणा. तळ्यात डुबकी मारायचा मोहही टाळा. नेतीनंतर पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळूहळू श्वास बाहेर फेका. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे जातं आणि कान दुखायला लागतो.

शंखप्रक्षालन म्हणजे मिठाचं पाणी पिऊन आतडी धुणं. त्याच्या लघु प्रकारात हे कोमट पाणी दोन-दोन ग्लास करून सहा ग्लास पितात आणि दर दोन ग्लासांनंतर पाच आसनांचा क्रम करतात: ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षणासन. पाणी वर जाऊ न देता खाली ढकलणं हेच या आसनांचं काम. घाईत आसनं गाळली की मळमळ होते. पूर्ण शंखप्रक्षालन यूट्यूब पाहून घरी करायची गोष्ट नव्हे. त्यानंतर पाऊण तासाने मूगडाळ-तांदळाची तूप घातलेली मऊ खिचडी खावीच लागते, आणि पुढचे काही दिवस दूध, कच्चं, तिखट, आंबट टाळावं लागतं. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, जठरव्रण (अल्सर), गर्भारपण असलेल्यांनी या क्रियेला उभंच राहू नये, कारण इतकं मीठ-पाणी एकदम शरीरात जातं. क्रिया ऐच्छिक आहे का, हेही फोनवर विचारून घ्या.

औषधं. मधुमेहींनी ते सोळा तासांचं अंतर डॉक्टरांना दाखवावं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या वेळी घेतली आणि अन्न दहाला मिळालं तर सकाळच्या आसनवर्गात साखर खाली येऊन घाम आणि थरथर सुटते. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि खिशात खडीसाखर हवीच, आणि ही गोष्ट शिक्षकांनाही सांगून ठेवा. रक्तदाबाच्या गोळीवर असणाऱ्यांना हलक्या आहाराने तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठताना चक्कर येऊ शकते. दाब मोजून घ्या आणि डोस स्वतः न बदलता डॉक्टरांना फोन करा. सगळी औषधं मुक्कामाच्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्त घ्यावीत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह.

बॅग हलकी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकणारे सैल सुती कपडे चार जोड, चादर, पंचा, शाल, विजेरी, कुलूप, पाण्याची बाटली, डासांचं मलम, पटकन निघणारी साधी चप्पल, आधार कार्ड आणि थोडी रोख. नाडी किंवा इलॅस्टिकची विजार घ्या, कारण जीन्स घालून मांडी नीट पडत नाही. चटई बहुतेक ठिकाणी मिळते, तिच्यावर अंथरायला आपला सुती पंचा न्या. अत्तर, पावडर घरी ठेवा, बंद हॉलमध्ये दीर्घश्वास घेताना शेजाऱ्याला त्याचा त्रास होतो.

पहिल्या दोन दिवसांत पोट साफ होत नाही, अंग आंबतं, झोप तुटते. हे वेळ बदलल्याचं आहे. पाणी वाढवा, पंगतीत भाजी जास्त मागा, आसनात अर्ध्यावर थांबा. तिसऱ्या दिवशी मन उदास होतं आणि ‘हे आपल्याला नाही’ असं वाटतं. त्या दिवशी निर्णय घेऊ नका, पाचव्या दिवशी घ्या. मात्र छातीत दुखणं, सतत उलट्या, ताप, रात्र-रात्र झोप न येता मन भरकटणं यांत पाचव्या दिवसाची वाट पाहायची नसते. तेव्हा लगेच डॉक्टर.

परतीचं तिकीट काढताना घरी पोहोचण्याच्या आणि कामावर रुजू होण्याच्या मध्ये एक पूर्ण दिवस ठेवा. आठ दिवस मऊ सात्त्विक जेवलेल्या पोटाला स्टेशनवरची मिसळ किंवा वडापाव सोसत नाही. परतीच्या प्रवासासाठी आश्रमाच्या स्वयंपाकघरातून दशम्या किंवा पोळी-भाजी मागून घ्या. आदल्या रात्री सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ती बांधून देतात.